स्वबळाची मृगया : अमेरिकेच्या पर्वतप्रदेशातील एल्कच्या शिकारीचा इतिहास

अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या रांगांमधून दरवर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत लक्षावधी माणसे एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीस जातात. त्यांतील पुष्कळांच्या सोबत वाटाड्या नसतो, नोकर नसतात, घोडेही नसतात. पाठीवर आठवडाभराचा शिधा, तंबू, बंदूक अगर धनुष्य आणि खिशात नकाशा एवढ्या सामग्रीवर ही माणसे नऊदहा हजार फूट उंचीच्या निर्मनुष्य रानात शिरतात. त्यांत सुतार, शिक्षक, ट्रकचालक असे सर्व प्रकारचे लोक असतात. अशा शिकाऱ्याला पश्चिमेकडे सरकत गेलेल्या आद्य वसाहतकऱ्यांचा वारस समजण्याची लोकरूढी आहे आणि तो स्वतःही तसेच समजतो. इतिहासाची कागदपत्रे मात्र या समजुतीला फारसा दुजोरा देत नाहीत. त्याच्या स्वातंत्र्याचा उगम वसाहतकाळात सापडत नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या कायद्यांत, करारांत, भूमापनाच्या नोंदींत आणि न्यायालयांनी त्यांतील शब्दांच्या लावलेल्या अर्थांत सापडतो.

प्रारंभ प्राण्याच्या नावापासूनच करणे इष्ट आहे. कारण ते नावच चुकून पडलेले आहे. यूरोपात ‘एल्क’ हा शब्द ज्या प्राण्याचा वाचक आहे, त्याला अमेरिकेत ‘मूस’ म्हणतात. इंग्लंडमधून आलेल्या वसाहतकऱ्यांपैकी बहुतेकांनी खरा एल्क कधी पाहिलेला नव्हता. नव्या भूमीत एक अवाढव्य हरीण दिसले, तेव्हा त्यांनी ऐकीव नाव त्याला देऊन टाकले. हा घोटाळा दूर करण्यासाठी बेंजामिन स्मिथ बार्टन या निसर्गशास्त्रज्ञाने १८०६ मध्ये शॉनी भाषेतील ‘वापिटी’ हा शब्द सुचविला. ‘पांढऱ्या पुठ्ठ्याचा’ असा त्याचा अर्थ. विद्वानांनी तो स्वीकारला. लोकांनी स्वीकारला नाही. हीच चूक इंग्रजांनी सिंहलद्वीपातही केली. तेथील सांबराला ते एल्क म्हणत, आणि सॅम्युएल बेकर याच्या त्या बेटावरील शिकारीच्या प्रसिद्ध पुस्तकात जो एल्क पदोपदी भेटतो, तो आपल्या सह्याद्रीतील सांबराचाच भाऊबंद होय. अमेरिकन एल्कचा खरा आप्त आपल्याकडे शोधावयाचा तर काश्मीरात दाचीगामच्या रानातील हंगुलाकडे जावे लागेल.

शब्दांची आणखी एक जोडी येथे पाहण्यासारखी आहे. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे मुळात कोणतेही वन्य जनावर. म्हणूनच सिंह हा मृगराज आणि वानर हा शाखामृग. पुढे त्याचा अर्थ संकोचून हरणापुरता उरला. इंग्रजीतील ‘डीअर’ या शब्दाचाही प्रवास अगदी असाच झाला. जुन्या इंग्रजीत तो जनावरमात्राचा वाचक होता, आणि ‘विल्डर्नेस’ या शब्दाच्या पोटात तो अद्याप दडलेला आहे : वन्य जनावरांचे ठिकाण ते विल्डर्नेस. तेव्हा ‘मृगया’ आणि ‘विल्डर्नेस’ हे दोन शब्द, परस्परांशी व्युत्पत्तीचे नाते नसतानाही, एकाच अर्थक्षेत्रात वाढलेले आहेत.

परंतु मृगया ही कोणाची? आपल्या परंपरेत ती राजाची आहे. मनुस्मृतीने कामज व्यसनांच्या यादीत तिला अग्रस्थान दिले ते राजाला उद्देशून. कौटिल्याने शरीराला होणारा व्यायाम, चल लक्ष्यावरील नेम आणि पशूंच्या चित्तवृत्तीचे ज्ञान असे तिचे गुण सांगितले तेही राजालाच. कोल्हापूरसारख्या संस्थानांतून शिकारखाना हे दरबारचे स्वतंत्र खाते असे. चित्तेवान, हाकारे, मचाण बांधणारे अशी माणसांची मोठी उतरंड त्यामागे उभी असे. यूरोपातही निराळी स्थिती नव्हती. इंग्रजीतील ‘फॉरेस्ट’ हा शब्द मुळात झाडीचा वाचक नसून सामान्य कायद्याच्या बाहेर काढून राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या भूमीचा वाचक आहे.

ही सरंजामी मृगया अमेरिकेतही एकदा अवतरली. सर सेंट जॉर्ज गोर हा आयर्लंडमधील जमीनदार १८५४ ते १८५७ या काळात रॉकी पर्वताच्या प्रदेशात शिकार करीत हिंडला. जिम ब्रिजर हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला वाटाड्या त्याने पदरी ठेवला होता. सोबत सुमारे ४० माणसे आणि गाड्यांचा तांडा होता. त्याने सुमारे २००० रानरेडे आणि १६०० एल्क व इतर हरणे मारली असे सांगितले जाते. आकडे फुगविलेले असतील; पण त्या संहाराने तेथील मूलनिवासी टोळ्या संतप्त झाल्या आणि सरकारी अधिकाऱ्यांनीही तक्रारी केल्या, हे खरे आहे. कोलोरॅडोतील एका पर्वतरांगेला आजही त्याचेच नाव आहे.

गोरच्या मानाने सामान्य वसाहतकरी निरुपद्रवी होता काय? तसेही म्हणता येत नाही. लुइस आणि क्लार्क यांच्या तुकडीने १८०५-०६ चा हिवाळा पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ काढला, तेव्हा साडेतीन महिन्यांत १३१ एल्क मारल्याची नोंद त्यांच्यातील एकाच्या रोजनिशीत आहे. ती शिकार पोटासाठी आणि पादत्राणांच्या कातड्यासाठी होती. पुढे खाणींच्या छावण्या आणि रेल्वेमार्गावरील गावे वसली, तसे मांस विकून जगणारे धंदेवाईक शिकारी निपजले. त्यात दातांच्या व्यापाराची भर पडली. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन सुळे असतात. क्रो जमातीच्या स्त्रिया ते आपल्या पोशाखावर शिवीत आणि पिढ्यान् पिढ्या जपून ठेवीत. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या एल्क याच नावाच्या एका बंधुसंघाच्या सभासदांनी ते घड्याळाच्या साखळीला लावण्याची टूम काढली, आणि दोन दातांसाठी सातशे पौंडांचे जनावर मारून टाकून देण्यापर्यंत मजल गेली. पूर्वेकडील एल्कची पोटजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नामशेष झाली. नैर्ऋत्येकडील मेरियमची पोटजात विसाव्याच्या आरंभी गेली. यूरोपीय लोक येण्यापूर्वी सबंध खंडात एक कोटीच्या घरात एल्क असावेत असा अंदाज आहे. १९०० च्या सुमारास एक लाखही उरले नव्हते. वसाहतकऱ्यांचे स्वातंत्र्य जसेच्या तसे वारशाने आले असते, तर शिकाऱ्याला शिकारीस जनावरच उरले नसते.

जनावर उरले याचे कारण कायदा. रानातील पशू कोणा जमीनमालकाचे नसून सर्व प्रजेचे आहेत व राज्य हे त्यांचे विश्वस्त आहे, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४२ च्या एका निकालात सूचित केले आणि १८९६ मध्ये स्पष्टपणे मांडले. इंग्लंडच्या राजाकडे असलेला अधिकार क्रांतीनंतर प्रजेकडे आला, असा त्यामागील युक्तिवाद होता. १९७९ मध्ये या मालकीहक्काचे शब्द न्यायालयाने मागे घेतले. पण वन्य पशूंचे नियमन राज्यांकडेच राहिले. यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये निर्माण झाले होते. तेथे १८८३ मध्ये शिकार बंद झाली खरी, पण चोरट्या शिकाऱ्याला उद्यानाबाहेर हाकलण्यापलीकडे शिक्षा नव्हती. ती १८९४ च्या कायद्याने आली. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदेशीर रीतीने मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतील व्यापार बंद केला व धंदेवाईक शिकाऱ्याचा कणा मोडला. १९१२ मध्ये वायोमिंगमधील जॅक्सन होल येथे हिवाळ्यात उपाशी मरणाऱ्या कळपांसाठी राखीव क्षेत्र करण्यात आले. त्याच सुमारास यलोस्टोन आणि जॅक्सन होल येथील एल्क आगगाडीच्या डब्यांत घालून इतर राज्यांत नेऊन सोडण्याचा उद्योग सुरू झाला. कोलोरॅडोत आज अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत. त्यांपैकी कित्येक या आगगाडीने आलेल्यांचे वंशज होत. १९३७ मध्ये बंदुका व काडतुसे यांवरील मध्यवर्ती कराचे उत्पन्न वन्य पशूंच्या संवर्धनासाठी राज्यांना द्यावे, मात्र परवान्यांचे पैसे राज्याने दुसरीकडे वळवू नयेत, असा कायदा झाला. अशा रीतीने शिकारी हा शिकारीचा खर्च भरणारा झाला.

जनावर वाचले तरी त्याच्यापर्यंत पोहोचण्यास जमीन हवी. अमेरिकेच्या एकूण भूमीपैकी सुमारे २८ टक्के भूमी मध्यवर्ती सरकारची आहे आणि तिचा फार मोठा भाग पश्चिमेकडील राज्यांत आहे. १८९१ च्या कायद्याने अध्यक्षांना वने राखून ठेवण्याचा अधिकार मिळाला आणि १९०५ मध्ये त्यांच्या व्यवस्थेसाठी वनखाते स्थापन झाले. राष्ट्रीय उद्यानांत सामान्यतः शिकारीस मनाई असते. राष्ट्रीय वनांत ती राज्याच्या नियमांनुसार करता येते. कोणाच्याही परवानगीवाचून कोणीही नागरिक जेथे जाऊ शकतो, असे हे लक्षावधी चौरस मैलांचे रान म्हणजे या शिकाऱ्याची खरी जहागीर होय.

मात्र ही जहागीर कोणाकडून आली हा प्रश्न टाळता येत नाही. बॅनॉक व शोशोनी जमातींशी १८६८ मध्ये फोर्ट ब्रिजर येथे झालेल्या करारात, संयुक्त राज्यांच्या ‘वस्ती नसलेल्या’ भूमीवर शिकार करण्याचा हक्क त्यांच्याकडे राखला होता. १८९५ मध्ये रेस हॉर्स या बॅनॉक शिकाऱ्याने वायोमिंगमध्ये सात एल्क मारले व राज्याचा कायदा मोडल्याबद्दल त्याला अटक झाली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, वायोमिंगला राज्याचा दर्जा मिळताच करारातील हक्क संपुष्टात आला. म्हणजे ज्या १८९६ साली न्यायालयाने वन्य पशू सर्व प्रजेचे ठरविले, त्याच साली त्या प्रजेतून ही माणसे वगळली गेली. या विसंगतीचे निवारण होण्यास १२३ वर्षे लागली. क्रो जमातीच्या एका शिकाऱ्याने बिगहॉर्न राष्ट्रीय वनात केलेल्या एल्कच्या शिकारीवरून उद्भवलेल्या खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी जुना आधार अमान्य केला. राज्याचा दर्जा मिळाल्याने करार बुडत नाही, आणि राष्ट्रीय वन म्हणून घोषित केल्याने ती भूमी आपोआप ‘वस्तीची’ होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. एका विशेषणाच्या अर्थावर एका जमातीचे अन्न अवलंबून होते.

याच भूमीतील काही भागांना १९६४ च्या विल्डर्नेस कायद्याने आणखी कडक संरक्षण दिले. त्यापूर्वी १९२४ मध्ये आल्डो लिओपोल्ड याच्या आग्रहाने न्यू मेक्सिकोतील गिला नदीच्या उगमाचा प्रदेश रस्त्यांवाचून ठेवण्यात आला होता; पण ती वनखात्याची अंतर्गत आज्ञा होती. कायद्याचा मसुदा हॉवर्ड झॅनिझर याने लिहिला आणि संमत होण्यापूर्वी चारच महिने तो वारला. विल्डर्नेसची व्याख्या करताना त्याने ‘अनट्रॅमल्ड’ असे एक फारसे वापरात नसलेले विशेषण हट्टाने ठेवले. ‘ट्रॅमल’ म्हणजे जाळे, तसेच घोड्याच्या पायांना बांधावयाची दोरी. मराठीत त्या दोरीला पायबंद म्हणतात आणि आपणही तो शब्द लाक्षणिक अर्थानेच अधिक वापरतो. तेव्हा ज्या भूमीला माणसाने पायबंद घातला नाही ती विल्डर्नेस, असा त्या व्याख्येचा मराठी अनुवाद अगदी नेमका होतो. तेथे रस्ता नाही, मोटार नाही, सायकलदेखील नाही. आरंभी ९१ लाख एकर असलेले हे क्षेत्र आज ११ कोटी एकरांहून अधिक आहे. त्यातील निम्म्याहून जास्त अलास्कात आहे.

आता शिकारीची आखणी कशी होते ते पाहिले, म्हणजे वरील इतिहास तिच्यात कसा मुरला आहे हे ध्यानात येईल. तिची सुरुवात हिवाळ्यात, घरात, टेबलापाशी होते. प्रत्येक राज्य आपल्या रानाचे क्रमांकित विभाग पाडते आणि विभागवार, हंगामवार परवान्यांची संख्या ठरविते. चांगल्या विभागांसाठी सोडत असते. तिचे अर्ज साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत करावे लागतात, आणि नाव न निघाल्यास पुढील वर्षासाठी अग्रक्रमाचा गुण जमा होतो. काही विभागांसाठी वीस-वीस वर्षे गुण साठविणारे लोक आहेत. परराज्यातील शिकाऱ्याला परवाने थोडे व शुल्क अनेकपटींनी जास्त. कारण पशू राज्याचे, भूमी जरी सर्व राष्ट्राची असली तरी. नियमपुस्तिका किचकट असतात. नर की मादी, शिंगांना किमान किती फाटे, बंदूक कोणत्या तारखेपासून, मारलेल्या जनावराच्या लिंगाचा पुरावा मांसाला कसा लावून ठेवावयाचा, अशी कलमे त्यांत असतात. ती न वाचता रानात गेलेल्या माणसाचे शौर्य त्याला कचेरीत उपयोगी पडत नाही.

यानंतर नकाशा. भूगर्भ-सर्वेक्षण खाते १८७९ मध्ये स्थापन झाले. त्याचे १ : २४,००० या प्रमाणाचे नकाशे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्ण झाले आणि ते माफक किमतीत कोणालाही मिळू लागले. वाटाड्याच्या डोक्यात असलेले ज्ञान कागदावर आले ही घटना या शिकारीच्या इतिहासात बंदुकीच्या सुधारणेइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. पर्वतात साधारणतः ४० फुटांच्या अंतराने काढलेल्या समोच्चरेषा वाचता येणाऱ्यास घरबसल्या बरेच कळते. उत्तरेकडे उतरलेली दाट झाडी ही एल्कची दिवसा बसण्याची जागा. जवळचे गवताळ माळ ही पहाटे-संध्याकाळी चरण्याची. दोन शिखरांमधील खिंड ही जाण्यायेण्याची वाट. उन्हाने डोंगर तापला की हवा उताराने वर चढते आणि संध्याकाळी गार होऊन खाली ओघळते. म्हणून सकाळी उशिरा कळपाच्या खालून जाणारा आपला गंध स्वतःच्या हातांनी त्याच्याकडे पाठवीत असतो. सप्टेंबरात नर माजावर येऊन तुतारीसारखी लांब आरोळी देतात, तेव्हा त्यांचा ठाव कानाने लागतो. ऑक्टोबरनंतर ते मुके होतात आणि नकाशावरच भिस्त ठेवावी लागते. आज हे नकाशे खिशातील दूरध्वनीवर उमटतात, त्यावर जमिनीच्या मालकीचे रंगही असतात. पण बर्फाळ थंडीत विजेरी मान टाकते, म्हणून कागद आणि होकायंत्र सोडू नये असा जाणत्यांचा आग्रह असतो.

सगळ्यांत कमी विचार होतो तो मांसाच्या वजनाचा, आणि खरे पाहता सारी आखणी त्यावरूनच उलट दिशेने करावयास हवी. पूर्ण वाढलेला नर सातशे पौंडांचा असतो. हाडे काढल्यावरही दोनशे ते अडीचशे पौंड मांस उरते. ते वाया घालविणे बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. एका माणसाने डोंगरात साठ पौंडांच्या वर ओझे उचलू नये असे धरले, तर चार खेपा होतात. जनावर मोटारीपासून तीन मैलांवर पडले असेल, तर चार वेळा ओझ्यासह बाहेर व तीन वेळा रिकामे आत, म्हणजे एकवीस मैलांची चाल झाली. तोवर मांस हवेशीर कापडी पिशव्यांत, सावलीत, टांगून थंड ठेवावे लागते. वायोमिंग व मोंटॅनाच्या काही भागांत त्यावर ग्रिझली अस्वलाचाही हक्क असतो. म्हणून आत किती जावयाचे हे पायांच्या उमेदीवर न ठरविता परतीच्या ओझ्यावर ठरविणे हाच शहाणपणा. गोरच्या तांड्याला हा हिशेब कधी करावा लागला नाही.

मग स्वबळाने जाणाऱ्यास मज्जाव कोठे होतो? पहिला अडथळा खुद्द विल्डर्नेसचाच आहे. वायोमिंगच्या कायद्यानुसार परराज्यातील माणसाला विल्डर्नेस क्षेत्रात एल्कसारख्या मोठ्या जनावरांची शिकार परवानाधारक वाटाड्यावाचून अगर तशी अनुज्ञा घेतलेल्या स्थानिक रहिवाशावाचून करता येत नाही. तोच माणूस त्याच रानात एकटा महिनाभर भटकू शकतो, मासे धरू शकतो. सुरक्षितता हे या नियमाचे सांगितले जाणारे कारण. परंतु त्याने कोणाचे पोट भरते हे पाहिले की ते कारण लंगडे वाटू लागते. कोलोरॅडो, आयडाहो व मोंटॅना येथील तितक्याच बिकट रानांत अशी अट नाही.

दुसरा अडथळा भूमापनातून उद्भवला. १७८५ च्या अध्यादेशाने पश्चिमेकडील भूमी एकेक मैल बाजूच्या चौकोनांत मोजण्याची पद्धत घालून दिली. १८६२ व १८६४ च्या कायद्यांनी रेल्वे कंपन्यांना मार्गाच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक चौकोन बक्षीस देण्यात आले. मधले सरकारकडे राहिले. परिणामी सबंध प्रदेश बुद्धिबळाच्या पटासारखा झाला. पांढऱ्या घरातून पांढऱ्या घरात जावयाचे तर कोपऱ्यावरूनच जाता येते, आणि कोपरा हा भूमितीतील बिंदू. त्याला लांबी नाही, रुंदी नाही. माणसाच्या खांद्याला मात्र रुंदी असते आणि ती क्षणभर काळ्या घराच्या हवेत जाते. अशा रीतीने अडकलेली सार्वजनिक जमीन पश्चिमेत सुमारे ८३ लाख एकर असल्याचा अंदाज आहे. सरकारला कोपऱ्यावरून रस्ता बांधण्याचा गर्भित हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ठरविले होते. पायी ओलांडणाऱ्याचे काय, याला उत्तर नव्हते.

ते उत्तर मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांमुळे मिळाले. वायोमिंगमध्ये एल्क याच नावाचा एक पर्वत आहे. त्यांनी नकाशावरून आखणी करून तेथील सार्वजनिक चौकोन निवडले आणि २०२१ मध्ये कोपऱ्यावर घडीची शिडी उभी करून, खाजगी जमिनीला पाऊल न लावता, एका चौकोनातून दुसऱ्यात उतरले. त्यांच्यावर अतिक्रमणाचा फौजदारी खटला झाला. २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. जमीनमालकाच्या कंपनीने सत्तर लाख डॉलरांहून अधिक नुकसानीचा दावा लावला. त्याचा निकाल २०२३ मध्ये शिकाऱ्यांच्या बाजूने लागला आणि मार्च २०२५ मध्ये दहाव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने तो कायम केला. आधार घेतला तो १८८५ च्या एका कायद्याचा. गुरांचे धनी सार्वजनिक कुरणांना कुंपणे घालून ती गिळंकृत करीत होते, त्यांना आवरण्यासाठी तो झाला होता. सार्वजनिक भूमीवर जाणाऱ्यास अडविणारी कोणतीही गोष्ट त्याने निषिद्ध केली आहे. तेव्हा लाकडाचे कुंपण आणि अतिक्रमणाच्या दाव्याची धमकी यांत न्यायालयाने भेद मानला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील ऐकण्यास नकार दिला. त्यामुळे हा निर्णय दहाव्या मंडलातील वायोमिंग, कोलोरॅडो, यूटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस व ओक्लाहोमा या सहा राज्यांपुरता बंधनकारक आहे. मोंटॅना व आयडाहो ही एल्कची दोन मोठी राज्ये नवव्या मंडलात मोडतात, आणि तेथे कोपऱ्यावर शिडी टाकणाऱ्या शिकाऱ्याला हा निकाल युक्तिवादात दाखविता येईल, त्याच्या आधारे निर्धास्त राहता येणार नाही.